डावा पाय, डावी बाजू आणि संघाचा समतोल : फुटबॉल व कबड्डीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

फुटबॉलच्या संघनिवडीविषयी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. संघ समतोल हवा असेल तर मैदानाच्या डाव्या बाजूस डाव्या पायाने खेळणारा आणि उजव्या बाजूस उजव्या पायाने खेळणारा खेळाडू असलाच पाहिजे, असे ती सांगते. वरवर पाहता ही समजूत इतकी स्वाभाविक वाटते की तिची तपासणी करण्याची गरजही कोणास भासत नाही. महाविद्यालयाच्या संघात डाव्या पायाचा एकच मुलगा असेल, तर त्याचे स्थान चेंडूला पाय लावण्यापूर्वीच निश्चित होते. आणि असा मुलगा मुळीच नसेल, तर संघात उणीव आहे असे आधीच गृहीत धरले जाते.

ठाणे जिल्ह्यात या प्रश्नाला आज वेगळे महत्त्व आले आहे. नेरूळ येथील डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचा आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा असे दोन्ही अंतिम सामने तेथेच खेळले गेले. जागतिक दर्जाचे फुटबॉल अशा रीतीने जिल्ह्याच्या अंगणात आले. मात्र ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांच्या अंगात मुरलेला सांघिक खेळ कबड्डी हाच आहे. कबड्डीतही डावी-उजवी बाजू आहे, किंबहुना तेथे स्थानांची नावेच बाजूंवरून पडली आहेत. फुटबॉलमधील पायाच्या प्रश्नाची चिकित्सा करताना या खेळाची साक्ष काढणे म्हणूनच उपयुक्त ठरते. खेळाडूचा नैसर्गिक पाय संघाच्या समतोलावर व खेळाच्या शैलीवर खरोखर परिणाम करतो काय, आणि करीत असल्यास तो कोणत्या मार्गाने, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

डावे-उजवे : भाषेतील पूर्वग्रह

डाव्या-उजव्याचा विचार मराठी मनात कधीच तटस्थ राहिलेला नाही. एखाद्यास वगळणे म्हणजे ‘डावलणे’. दोघांच्या तुलनेत सरस असणे म्हणजे ‘उजवे ठरणे’. पक्षपात करणे म्हणजे ‘डावे-उजवे करणे’. सहज जमणारे काम ‘डाव्या हाताचा मळ’ ठरते, तेव्हाही डाव्या हाताकडे हलके काम सोपवण्याचीच वृत्ती दिसते. पंगतीत आणि पाटीवर मुलाचा डावा हात वर्षानुवर्षे मागे ओढला गेला, हा अनेक घरांतील अनुभव आहे.

पायाच्या वाट्याला मात्र ही शिस्त आली नाही. मुलाने दगड कोणत्या पायाने उडवावा याची चिंता कोणत्याही आजीने केली नाही. त्यामुळे हाताच्या तुलनेत पायाची पसंती संस्कारांच्या दडपणापासून बरीच मुक्त राहिली असे म्हणता येईल. ही मुक्तता मैदानावर येताच संपुष्टात येते. तेथे डाव्या पायास मान मिळतो. पण तो मान जागा नेमून देणारा असतो. घरातील डावलणे आणि मैदानावरील हे नेमून देणे या दोहोंच्या मुळाशी एकच चूक आहे. दोन्हींमध्ये एका अवयवावरून संपूर्ण खेळाडूचा निकाल लावला जातो.

पाय प्रत्यक्षात काय करतो?

पायाच्या पसंतीचा परिणाम नाकारणे हे दुसऱ्या टोकाचे अज्ञान ठरेल. पायाच्या आतील बाजूने मारलेला चेंडू वळतो. उजव्या पायाने मारलेला चेंडू मारणाऱ्याच्या डावीकडे, तर डाव्या पायाने मारलेला उजवीकडे वळतो. आक्रमणाच्या डाव्या बाजूकडून उजव्या पायाने घेतलेली कॉर्नर किक यामुळे गोलच्या दिशेने आत येते, तर डाव्या पायाने घेतलेली गोलरक्षकापासून दूर जाते. एकाच जागेवरून निघालेल्या या दोन चेंडूंना भिन्न बचाव लागतो.

याहून महत्त्वाचा परिणाम शरीराच्या रोखाचा आहे. डाव्या बाजूच्या बचावपटूकडे चेंडू येतो तेव्हा त्याच्या डावीकडे सीमारेषा आणि उजवीकडे सारे मैदान असते. डाव्या पायाने खेळणारा चेंडू रेषेच्या बाजूस घेतो, त्याचे शरीर पुढे उघडते आणि रेषेलगतचा लांब पास त्यास सहज दिसतो. उजव्या पायाचा खेळाडू चेंडू आत ओढतो. रेषेलगतचा मार्ग त्यास थोडा उशिरा सापडतो, पण मैदानाच्या मध्याकडील पास व गोलवरील फटका त्याला अधिक जवळचे वाटतात. मोकळ्या वेळी हा फरक नगण्य असतो. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येतो तेव्हा मात्र चेंडू एका पायावरून दुसऱ्यावर घेण्यास लागणारा क्षणही महाग पडतो. म्हणजेच पायाचे महत्त्व तीन गोष्टींवर अवलंबून आहे : सीमारेषा किती जवळ आहे, वेळ किती आहे आणि शरीराचा रोख कोणत्या दिशेस आहे. यांपैकी एकही गोष्ट केवळ पाय पाहून ठरत नाही.

आकडे काय सांगतात?

लोकसंख्येत डाव्या पायास पसंती देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १२ टक्के असल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक सर्वेक्षण-विश्लेषणात दिसून आले. हे प्रमाण गृहीत धरून साधे गणित मांडता येते. योगायोगाने निवडलेल्या अकरा खेळाडूंच्या संघात डाव्या पायाचा एकही खेळाडू नसण्याची शक्यता जवळजवळ २५ टक्के आहे. डावा बचावपटू, बचावाच्या मध्यातील डावा खेळाडू आणि डावा विंगर या तिन्ही जागा डाव्या पायाच्याच खेळाडूंनी भरायच्या ठरवल्या, तर असे किमान तीन खेळाडू अकरांत असण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, म्हणजे सात संघांत एक इतकीच राहते. व्यावसायिक संघ जगभरातून खेळाडू विकत घेऊन ही अडचण दूर करतो. महाविद्यालयास मात्र प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांतूनच संघ उभा करावा लागतो. रूढ समजूत खरी मानली, तर बहुसंख्य महाविद्यालयीन संघ जन्मतःच असंतुलित ठरतात.

उच्च दर्जाच्या खेळाविषयीचे अभ्यासही या समजुतीला सरळ दुजोरा देत नाहीत. १९९८ च्या फ्रान्समधील विश्वचषकातील खेळाडूंचा कॅरी व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७९ टक्के खेळाडू उजव्या पायाचे आढळले. पाहणीच्या पद्धती भिन्न असल्याने या आकड्याची वरील १२ टक्क्यांशी थेट तुलना करणे योग्य नव्हे. अभ्यासातील लक्षवेधी निष्कर्ष वेगळाच होता. जागतिक दर्जाचे हे खेळाडू आपला दुसरा पाय फारच क्वचित वापरत. परंतु जेव्हा वापरत, तेव्हा त्यांच्या यशाचे प्रमाण पसंतीच्या पायाइतकेच असे.

यावरून दोन्ही पाय सारखेच समर्थ असतात असा अर्थ काढण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. दुसरा पाय कधी वापरायचा हे खेळाडू स्वतः ठरवतो आणि बहुधा सोप्या प्रसंगीच वापरतो. त्यामुळे त्याचे यश वाढलेले दिसणे स्वाभाविक आहे. ब्रायसन, फ्रिक व सिमन्स यांच्या २०१३ च्या अभ्यासात युरोपीय फुटबॉलमध्ये दोन्ही पायांनी खेळणाऱ्यांना अधिक वेतन मिळत असल्याचे आढळले. हा निष्कर्षही सावधपणे वाचावा लागतो. दुर्मीळ वस्तूस बाजारात भाव येतो, परंतु भाव म्हणजे संघाचा समतोल नव्हे. या दोन्ही अभ्यासांतून एवढेच निश्चितपणे म्हणता येते की, पायाची पसंती खोलवर रुजलेली असते आणि चांगला खेळाडू तिच्याशी झगडण्याऐवजी तिच्या सोयीने खेळ रचतो.

तीन संघ, तीन साक्षी

रूढ समजुतीची खरी कसोटी संघांच्या इतिहासात लागते. १९७० च्या विश्वविजेत्या ब्राझील संघात गेर्सन, रिव्हेलिनो आणि तोस्ताओ हे तिघेही डाव्या पायाचे होते. बाजूंची मोजदाद करणाऱ्यास हा संघ एकीकडे झुकलेला वाटावा. प्रत्यक्षात मेक्सिको सिटीतील अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा चौथा गोल उजव्या बाजूने झाला. उजवीकडचा झाईर्झिन्यो डावीकडे सरकला, त्याच्यावर नजर ठेवणारा फाकेट्टी त्याच्या मागे गेला आणि उजवी बाजू ओस पडली. पेलेने त्या मोकळ्या जागेत हळुवार सोडलेला चेंडू मागून धावत आलेल्या कार्लोस अल्बेर्तोने गोलमध्ये मारला. समतोल येथे पायांच्या संख्येतून आला नाही. खेळाडूंनी रिकामी केलेल्या आणि पुन्हा भरलेल्या जागांतून तो निर्माण झाला.

दुसरी साक्ष इंग्लंडची आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या संघाची ‘डाव्या बाजूची समस्या’ हा तेथील चर्चेचा नित्य विषय होता. २००४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत बेकहॅम, जेरार्ड, लॅम्पार्ड व स्कोल्स हे चौघेही मधल्या फळीत खेळले आणि डावी बाजू स्कोल्सकडे देण्यात आली. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये हा संघ पराभूत झाला. उणीव डाव्या पायाची होती असे तेव्हा बोलले गेले. तथापि या रचनेकडे पाहता उणीव जागेची होती असे दिसते. स्कोल्सचा खेळ मध्यातून घडत असे आणि जेरार्ड व लॅम्पार्ड यांचाही ओढा त्याच पट्ट्याकडे होता. तीन खेळाडूंना एकच जागा हवी असल्याने डावीकडची वाट बंद झाली. तेथे डाव्या पायाचा पण मध्याकडेच धाव घेणारा खेळाडू असता, तरी ती वाट उघडली नसती.

तिसरी साक्ष अधिक बोलकी आहे. २०१३ मध्ये युरोपियन चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या बायर्न म्युनिक संघात उजव्या बाजूस डाव्या पायाचा रॉबेन आणि डाव्या बाजूस उजव्या पायाचा रिबेरी खेळत असे. रूढ नियमाचा हा सरळ भंग होता. मात्र रॉबेनच्या मागे उजव्या पायाचा लाम आणि रिबेरीच्या मागे डाव्या पायाचा अलाबा होता. पुढचा खेळाडू आत वळे तेव्हा मागचा बाहेरून धावे. प्रतिस्पर्धी बचावपटूस आतील आणि बाहेरील अशा दोन्ही वाटा एकाच वेळी अडवाव्या लागत. रॉबेन आत वळणार हे सर्वांस ठाऊक असूनही त्यास थोपवणे कठीण जाई, याचे एक कारण त्याच्या बाहेरून धावणारा लाम होता. हाच लाम २००६ च्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात कोस्टारिकाविरुद्ध डावा बचावपटू म्हणून खेळला होता आणि डावीकडून आत वळून उजव्या पायाने त्याने स्पर्धेतील पहिला गोल केला होता. त्याचा पाय बदलला नाही. संघाच्या गरजेनुसार जागा बदलली आणि तोच पाय दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या कामी आला. यावरून असे दिसते की समतोलाचे एकक एक खेळाडू नसून जोडी आहे.

डावा कोपरा : कबड्डीची साक्ष

जोडीचा हा विचार फुटबॉलमध्ये चर्चेने मांडावा लागतो. कबड्डीत तो खेळाच्या रचनेतच दिसतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत फुटबॉलच्या मैदानाची रुंदी ६४ ते ७५ मीटर असते. म्हणजे सीमारेषेचे जे दडपण फुटबॉलच्या डाव्या बचावपटूवर अधूनमधून येते, ते कबड्डीच्या कोपऱ्यातील खेळाडूवर प्रत्येक चढाईत असते. रेषा त्याची वैरीण आहे आणि मैत्रीणही. तिच्यामुळे त्याची माघार आखडते. तिच्यामुळेच चढाईपटूची बाहेरची वाट बंद होते.

बचावपटू हात धरून साखळी करतात तेव्हा डाव्या कोपऱ्यातील खेळाडूचा उजवा हात शेजाऱ्याच्या हातात गुंततो आणि डावा मोकळा राहतो. उजव्या कोपऱ्यात नेमके याच्या उलट घडते. याशिवाय चढाईपटू समोरून येत असल्याने त्याची उजवी बाजू बचावाच्या डाव्या कोपऱ्यासमोर येते. उजव्या हाताने गडी टिपण्याची सवय असलेला चढाईपटू जेव्हा आपल्या उजवीकडे सरकतो, तेव्हा त्याचा पहिला सामना डाव्या कोपऱ्याशी होतो. हाता-पायाच्या पसंतीस येथे फुटबॉलपेक्षाही अधिक वाव आहे असे कोणासही वाटेल.

असे असूनही कबड्डीची परिभाषा अवयवाचे नाव घेत नाही. ती स्थानाचे नाव घेते. ‘डावा कोपरारक्षक’ म्हणजे डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा; डावखुरा असणारा नव्हे. कल्याणचा गिरीश मारुती इरनाक हा डावा कोपरारक्षक म्हणून नावारूपास आला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय संघात होता. त्याची ओळख सांगताना तो कोणत्या हाताने लिहितो हे कोणी सांगत नाही. त्याने घोट्याची पकड कोणत्या क्षणी केली, शेजाऱ्याचा हात केव्हा सोडला आणि मध्यरक्षक मदतीस येईपर्यंत चढाईपटूस कसे रोखले, यांवर त्याचे मूल्यमापन होते. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारतावर २७–१८ असा विजय मिळवला. १९९० पासूनची पुरुष संघाची सुवर्णपदकांची परंपरा त्या दिवशी खंडित झाली. त्या इराणी संघाचा आधारही फजल अत्राचली हा डावा कोपरारक्षकच होता.

प्रो कबड्डी लीगमधील २०१५ च्या विजेत्या यू मुंबा संघात डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर होता. या दोघांचा उल्लेख जाणकार नेहमी जोडीनेच करतात. एका कोपऱ्याने चढाईपटूस दुसऱ्या कोपऱ्याकडे ढकलायचे आणि दुसऱ्याने ती वेळ साधायची, हे त्यांच्या बचावाचे सूत्र दोघांच्या एकत्रित समजेवर उभे होते. फुटबॉलमधील लाम-रॉबेन आणि कबड्डीतील नाडा-छिल्लर यांच्यात खेळाचे अंतर मोठे आहे. तत्त्व मात्र एकच आहे. एकाने कोणती वाट बंद केली, यावर दुसऱ्याचे मोल ठरते.

या साक्षीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. कबड्डीत चेंडू नाही; त्यामुळे चेंडूच्या वळणाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. कॉर्नर किक वा क्रॉस यांसारख्या प्रसंगी फुटबॉलमध्ये पायाचे जे स्वतंत्र मूल्य आहे, ते कबड्डीच्या उदाहरणाने रद्द होत नाही. कबड्डी एवढेच दाखवते की स्थानाची कला शिकता येते आणि शिकवता येते.

परिसरातील प्रशिक्षणाचा प्रश्न

हा विचार ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या मैदानांवर आणला असता त्याचे व्यावहारिक रूप स्पष्ट होते. येथील सार्वजनिक मैदाने अनेक खेळांत वाटली गेलेली आहेत. पूर्ण लांबी-रुंदीच्या मैदानावर नियमित सराव करण्याची संधी थोड्याच संघांना मिळते. गेल्या दशकभरात तासाच्या भाड्याने मिळणारी कृत्रिम गवताची छोटी मैदाने वाढली आणि अनेक मुलांचे फुटबॉल तेथेच घडू लागले. अशा जाळीबंद मैदानात पाच-सहा जणांच्या खेळात बाजू जवळजवळ नसतेच. तेथे डाव्या पायाचा मुलगा मध्यातही खेळतो, उजवीकडेही खेळतो आणि बचावही करतो. हाच मुलगा महाविद्यालयाच्या अकराजणांच्या संघात येताच त्यास डावी रेषा दाखवली जाते. जी लवचिकता छोट्या मैदानाने त्यास दिलेली असते, ती मोठ्या मैदानावरील निवड काढून घेते.

त्याच वेळी छोट्या मैदानाची एक त्रुटीही ध्यानी घेतली पाहिजे. रुंदीचा वापर तेथे शिकता येत नाही. सीमारेषेलगत शरीर उघडे ठेवून चेंडू घेणे, आत वळणाऱ्या सहकाऱ्याच्या बाहेरून धावणे, दूरच्या बाजूची रिकामी जागा हेरणे ही कौशल्ये मोठ्या मैदानाशिवाय येत नाहीत. महाविद्यालयीन संघांची डावी बाजू अनेकदा दुबळी दिसते, याचे कारण डाव्या पायाच्या अभावापेक्षा या सरावाच्या अभावात शोधणे अधिक सयुक्तिक होईल. पाय हा जन्माचा योगायोग आहे. सराव ही संस्थेची जबाबदारी आहे. उणीव पायावर ढकलली की संस्था त्या जबाबदारीतून अलगद मोकळी होते. रूढ समजुतीचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे.

निवड करणाऱ्या प्राध्यापकाने व प्रशिक्षकाने विचारावयाचा प्रश्न यामुळे बदलतो. ‘संघात डाव्या पायाचे किती?’ याऐवजी ‘या संघाला कोणत्या दिशेस जाता येत नाही?’ हे विचारले पाहिजे. डावीकडून रेषेलगत पुढे जाता येत नसेल, तर उपाय तीन आहेत. डाव्या पायाचा खेळाडू तेथे आणता येईल; आत वळणाऱ्या विंगरच्या मागे बाहेरून धावणारा बचावपटू देता येईल; किंवा मधल्या फळीतील एकास त्या जागेत सरकण्याचा सराव देता येईल. पहिला उपाय प्रवेशाच्या योगायोगावर अवलंबून आहे. उरलेले दोन्ही शिकवण्याच्या कक्षेत येतात. दुसऱ्या पायाचा सराव अवश्य द्यावा. पण त्याचा हेतू दोन्ही पाय समान करणे हा नसावा. दडपणाखाली एक साधा पास देण्याइतका तो विश्वासार्ह व्हावा, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे.

समारोप

खेळाडूच्या पायाची पसंती महत्त्वाची आहे, पण ती स्वतंत्रपणे नव्हे. चेंडूचे वळण, शरीराचा रोख आणि सीमारेषेचे सान्निध्य यांतून ती खेळाची शैली घडवते. संघाचा समतोल मात्र ती एकटी ठरवू शकत नाही. तीन डाव्या पायांचा ब्राझील झुकला नाही आणि उलट्या बाजूंना विंगर असलेला बायर्न अडखळला नाही. कारण दोन्ही संघांत एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरली. कल्याणच्या मातीतील कबड्डीला हे तत्त्व नवे नाही. तेथे कोपरा खेळाडूस मिळतो आणि मग खेळाडू त्या कोपऱ्याचा होतो. डाव्या पायाच्या विद्यार्थ्यास डावी बाजू बहाल करताना, तो आणखी कोठे खेळू शकला असता हे पाहण्याची संधी आपण डावलत तर नाही ना, याचा विचार प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने निवड चाचणीपूर्वीच करावयास हवा.